ओपीडी सांभाळून कॅन्सर रिसर्च : फेलोशिपला अप्लाय करू की सरळ कॉर्पोरेट जॉईन करू?

कोरडवाहू_डॉक्टर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ३४, एमडी मेडिसिन, मग डीएम मेडिकल ऑन्को (म्हणजे औषधाने कॅन्सरचे उपचार). बाँड संपला, आता मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहे. आठवड्याचे ५ दिवस ओपीडी, वर डे केअर, ट्युमर बोर्ड, रेसिडेंटचे थिसिस, आणि महात्मा फुले योजनेचे प्रीऑथ (उपचाराआधीची मंजुरी), जे रिजेक्ट झाले की परत सगळे कागद अपलोड करा. घरी गेल्यावर आई विचारते, अगं अजून किती शिकायचं राहिलंय तुझं.

डोक्यात एक प्रश्न दोन वर्षं घोळतोय. आमच्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट भरपूर, गुटखा, मावा, तंबाखू-चुना, सगळं तुम्हाला माहितीच आहे. ऑपरेशन झालं की ज्यांना रेडिएशन लागतं त्यांचं साधारण ६ आठवड्यांत सुरू व्हायला हवं. आणि माझा पेशंट येतो अकराव्या आठवड्यात. मागच्या हंगामात एक माणूस आला, गळ्यावरची जखम भरलेली, टाके कधीच काढलेले, म्हटलं दादा होतात कुठे, तर म्हणाला उचल घेतली होती मॅडम, मुकादम सोडत नव्हता, कोयता हातात धरता येत होता म्हणून गेलो कारखान्याच्या पट्ट्यात. तोपर्यंत मानेत परत गाठ.

मला एवढंच शोधायचंय की असे किती, कुठल्या टप्प्यावर गळतात, आणि कोणीतरी वेळेवर पाठपुरावा केला तर फरक पडतो का. ना कुठला जीन शोधायचाय ना मोठी लॅब हवीय. पण यालाही माणसं लागतात, गाडीभाडं लागतं, आणि माझा वेळ लागतो जो माझ्याकडे नाहीच्चे.

एका कॉर्पोरेट हॉस्पिटलची ऑफर आहे, आत्ताच्या पगाराच्या तिपटीहून जास्त. दुसरीकडे इंडिया अलायन्सची क्लिनिकल फेलोशिप, आयसीएमआर, एएनआरएफ असं काय काय वाचतेय, म्हणजे रिसर्चला पैसा देणारे. कोणी केलंय का हे? खरं सांगा, गोड नको.

---

खारघर_लोकल

केलंय. इंडिया अलायन्सचीच अर्ली करिअर क्लिनिकल फेलोशिप, पूर्ण ५ वर्षं. माझं नाव-गाव आणि हॉस्पिटल विचारू नका.

आधी कोरडी माहिती. डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आणि वेलकम (ब्रिटनचा धर्मादाय ट्रस्ट) यांची इंडिया अलायन्स २००८-०९ पासून चालू आहे, त्यात डॉक्टरांसाठी वेगळी क्लिनिकल अँड पब्लिक हेल्थ फेलोशिप असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली, १५०० कोटी, पैकी १००० डीबीटीचे आणि ५०० वेलकमचे. नवीन टप्प्यात अटी बदलतात तेव्हा जुन्या लोकांचं (म्हणजे माझंही) ऐकून फॉर्म भरू नका, चालू कॉल ओळ न ओळ वाचा. एक गोष्ट मात्र पक्की, होस्ट संस्था नफा न कमावणारी लागते. म्हणजे कॉर्पोरेटमध्ये जाऊन मग तिथून हीच फेलोशिप घेऊ असा विचार असेल तर तो इथेच सोडा.

आता खरं. पैसा आला तरी काम आपोआप सुरू होत नाही. माझे पैसे आले, पत्र आलं, डिपार्टमेंटने पेढे खाल्ले, आणि पुढच्या सोमवारी ओपीडीत तेवढेच ९० पेशंट. माझ्या बदल्यात कोण बघणार हे कोणी ठरवलंच नव्हतं. मी म्हटलं ग्रँटमधून एक ज्युनियर डॉक्टर घेतो, तर ऑफिस म्हणालं प्रोजेक्ट स्टाफला पेशंट बघता येणार नाही, नियमात नाही. फेलोशिपने माझा निम्मा आठवडा विकत घेतला पण तो मला कोणी दिलाच नाही. सव्वा वर्ष मी रिसर्च रात्री ९ नंतर केला, बायको अजून त्यावरून बोलते.

त्यात संस्थेचा दुष्टावा नव्हता हो, ९० पेशंट खरे होते आणि डॉक्टर तीनच.

मग काय बदललं ते सांगतो. नवीन डीन आले, त्यांच्याकडून एका पानाचं पत्र घेतलं, त्यात "प्रोत्साहन देण्यात येईल" वगैरे काही नाही, सरळ वार लिहिले, मंगळवार आणि गुरुवार हे डॉक्टर ओपीडीत नसतील, त्या दिवशी अमुक सीनियर रेसिडेंट बघेल. ओपीडीच्या दारावर कागद चिकटवला. मी लायब्ररीच्या बिल्डिंगमध्ये बसायला लागलो कारण स्वतःच्या केबिनमध्ये बसलं की सिस्टर बोलावतातच, "सर दोनच मिनिटं". हे पत्र अर्जाच्या वेळीच घे. नंतर मिळत नाही.

आणि खरेदी... जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल, तीन कोटेशन, यूसी (पैसे कुठे खर्च झाले त्याचं सर्टिफिकेट) वेळेत गेलं नाही की पुढचा हप्ता अडकतो. अकाउंट्समधल्या माणसाशी एचओडीपेक्षा जास्त गोड बोला.

---

निवांत_प्रॅक्टिस

ताई मी सरळ बोलतो, राग मानू नका. ३४ वर्षं वय, आत्ता कमावायचे दिवस सुरू झालेत. ५ वर्षं फेलोशिप, मग ३९ ला परत पुढच्या ग्रँटसाठी रांगेत. प्रमोशनला पेपर मोजतात, तो पेपर ६० पेशंटच्या जुन्या फायली काढूनही होतो. मी १२ वर्षं बाहेर आहे, ईएमआय संपला, पोरं चांगल्या शाळेत आहेत, आणि रिसर्चची हौस असेल तर प्रायव्हेटमध्ये पण ट्रायल (पेशंटवर उपचारांच्या चाचण्या) चालतात की, कंपन्या पैसे देतात, कोऑर्डिनेटर पण तेच देतात, तुम्ही फक्त इन्व्हेस्टिगेटर म्हणून सही करायची.

---

खारघर_लोकल

निवांत सर, ईएमआयबद्दल वाद नाही, माझा अजून चालू आहे 😀

पण कंपनीची ट्रायल म्हणजे कंपनीचा प्रश्न. ऊसतोडवाला अकराव्या आठवड्यात का येतो याला कुठली कंपनी पैसे देईल? मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलची ती लिडोकेनची ट्रायल आठवा, ब्रेस्टच्या ऑपरेशनआधी गाठीच्या भोवती साधं भुलीचं इंजेक्शन, बाकी सगळं तेच. १६०० च्या आसपास बायका, ६ वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के. २०११ ला सुरू केली, २०२३ ला छापून आली. लिडोकेन विकून कोण श्रीमंत होणार, म्हणून असल्या ट्रायलमागे सरकारी पैसा आणि पगारी डॉक्टरच लागतो. निवोलुमॅब या महागड्या इम्युनोथेरपीच्या औषधाचंही तेच, नेहमीचा डोस २४० मिग्रॅ दर दोन आठवड्यांनी, यांनी २० मिग्रॅ दर तीन आठवड्यांनी देऊन बघितला, हेड नेकच्या (तोंड-घशाच्या) कॅन्सरच्या खूप वाढलेल्या केसेसमध्ये नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला. वर्षभर जगणारे १६ टक्क्यांवरून ४३ वर गेले. औषध कमी वापरा हे सांगायला कंपनी कशाला ट्रायल करेल?

हे प्रश्न पेशंटचं बिल बघणाऱ्यालाच पडतात. लॅबमधल्या पीएचडीला पडणार नाहीत, आणि नुसत्या ओपीडीवाल्याला पडले तरी तो संध्याकाळपर्यंत विसरतो.

---

मॅंचेस्टरची_काकू

इकडची बाजू सांगते, कारण भारतात सगळ्यांना वाटतं यूकेत हे लोणी लागल्यासारखं सोपं आहे.

इथे २००६ च्या आसपासपासून एक सरळ शिडी केलीय. ट्रेनिंगमध्येच अ‍ॅकॅडेमिक क्लिनिकल फेलो होता येतं, त्यात २५ टक्के वेळ रिसर्चचा, ७५ टक्के क्लिनिकल. मग बाहेर पडून पीएचडी करायची, त्याचा पगार कॅन्सर रिसर्च यूके, वेलकम, एमआरसी असे लोक देतात. परत आलात की क्लिनिकल लेक्चरर, निम्मा निम्मा वेळ. म्हणजे टक्केवारी तुमच्या नेमणुकीतच लिहिलेली असते, साहेबाच्या मर्जीवर नाही. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची के०८, के२३ ग्रँट आहे, तिथे साधारण ७५ टक्के वेळ रिसर्चला द्यायची अटच आहे, सर्जनला थोडी सूट. तिकडे कर्ज काढून डॉक्टर होतात म्हणून डेमन रनियन फाउंडेशन त्यांच्या क्लिनिकल इन्व्हेस्टिगेटरचं एक लाख डॉलरपर्यंतचं शिक्षणाचं कर्ज पण फेडतं.

आता दुखणं. पीएचडीच्या ३ वर्षांत माझा ऑन-कॉलचा भत्ता गेला, घराचा हप्ता तोच, म्हणून शनिवारी रात्री लोकम (दुसऱ्या डॉक्टरच्या जागी बदली ड्युटी) करायचे आणि सोमवारी पिपेट धरताना हात थरथरायचा. मध्ये एक बाळंतपण. वॉर्डात परत आले तर दोन औषधं नवीन आलेली आणि माझ्यापेक्षा ज्युनियर पोरगी मला डोस सांगत होती. लाज वाटली पण सांगते.

डॉक्टर बाई, तुमच्या प्रश्नात मला एक धोका दिसतो. प्रश्न सुंदर आहे पण ट्रायल म्हणून अजून कच्चा आहे. टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडवाले (देशभरच्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं) क्रेडो म्हणून एक निवासी वर्कशॉप घेतात, आपली कल्पना घेऊन जायची आणि आठवडाभरात पूर्ण प्रोटोकॉल (ट्रायलचा सविस्तर आराखडा) लिहून बाहेर पडायचं, स्टॅटिस्टिशियन शेजारी बसलेला असतो. फेलोशिपच्या आधी ते करा. माझी भारतातली मैत्रीण गेली होती, म्हणाली पहिल्याच दिवशी माझ्या प्रश्नाची साल काढली.

---

पेशंटचा_मुलगा

मी डॉक्टर नाही. बाबांची ट्रीटमेंट ३ वर्षं चालली. आमचे डॉक्टर ठरावीक वारी नसायचे, "रिसर्चला गेलेत" असं सांगायचे, आम्ही १४० किलोमीटरवरून एसटीने यायचो. मला त्या शब्दाचा फार राग यायचा. तो वार आधी कोणी सांगितला असता तर राग आला नसता, दुसऱ्या दिवशी आलो असतो. तो कागद दारावर नका लावू, पेशंटच्या केसपेपरवर शिक्का मारा.

---

खारघर_लोकल

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. थँक्यू. खरंच.

---

बार्शी_लाईट

सगळे डॉक्टर लोक बोलून झाले असतील तर मी बोलते 🙂 मी एमएसडब्ल्यू, ९ वर्षं वेगवेगळ्या कॅन्सर प्रोजेक्टवर कोऑर्डिनेटर. डॉक्टरची फेलोशिप ५ वर्षांची, माझी ऑर्डर ११ महिन्यांची. ग्रँट संपली की पेपरवर नाव डॉक्टरचं राहतं आणि पेशंटचे नंबर असलेली वही माझ्या घरी. ताई, बजेट लिहिताना आमची लाईन शेवटी उरलेल्या पैशात टाकू नका. पहिले आम्हाला लिहा, मग लॅपटॉप.

आमच्या भागात हे काम नवीन नाही. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री (गावागावातल्या कॅन्सरच्या केसची नोंद) आहे, डॉ. कस्तुरी जयंत यांनी उभी केलेली, बार्शी, परांडा, भूम तालुक्यांची गावं. तिथे दवाखान्यात बसून केस येत नाहीत म्हणून माणसं गावोगाव जायची, सरपंच, शिक्षक, सुईण, सगळ्यांना विचारायची, कोणाला अंगावर जातंय का, कोणाची जखम भरत नाहीये का. त्याच पायावर पुढे उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोठी ट्रायल झाली, १,३१,७४६ बायका, एकदा एचपीव्ही (ज्या विषाणूने हा कॅन्सर होतो त्याची) टेस्ट केली तर मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात हे २००९ ला छापून आलं, जगभर त्याचा दाखला देतात. एवढ्या बायकांची यादी डॉक्टरने ओपीडीतून उठून केली नाही, दारात जाऊन कोणीतरी केली.

तुमच्या प्रश्नाबद्दल. पेशंट गळत नाही, त्याचा फोन गळतो. फॉर्मवर एक नंबर असतो, तो भाच्याचा, भाचा पुण्याला. मी तीन नंबर घेते, एक घरचा, एक गावातल्या किराणा दुकानाचा, एक आशाताईंचा. ऊसतोडीचा असेल तर मुकादमाचा पण, तो देत नाहीत, चहा पाजल्यावर देतात. फोन संध्याकाळी ७ ते ८, त्याआधी फडात असतात आणि नंतर झोपतात. "तुमचं रेडिएशन राहिलंय" असं म्हटलं की फोन ठेवतात. "जखम कशीय, जेवण जातंय का" इथून सुरू करायचं. कधी कधी बायको उचलते आणि म्हणते ते गेले. तेव्हा घाईने फोन ठेवायचा नाही, आणि तारीख लगेच विचारायची नाही. ती तारीख तुमच्या ग्राफवर येते हे मला माहितीय, मी आठ दिवसांनी परत करते फोन.

---

निवांत_प्रॅक्टिस

बार्शीवाल्या ताई, मानलं. माझं मत तेच आहे पण तुमची पोस्ट सेव्ह केली.

---

कोरडवाहू_डॉक्टर

सगळ्यांची आभारी. उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले कारण एक रेसिडेंट डिस्ट्रिक्ट पोस्टिंगला गेला आणि दुसऱ्याला डेंग्यू.

एचओडी सरांशी बोलले. ते म्हणाले आधी ग्रँट आण मग दिवस बघू. फॉर्म म्हणतो आधी संस्थेची हमी आण. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले त्यांच्या टेबलवर, ते हसले, म्हणाले डीनकडे जा, माझी ना नाही. डीन सरांचे पीए म्हणतात फाईल सोमवारी ठेवतो. कुठला सोमवार ते नाही सांगितलं.

कॉर्पोरेटला मार्चपर्यंत वेळ मागितलाय, नाही म्हटलेलं नाही, खोटं कशाला बोलू. क्रेडोचा अर्ज भरायला घेतलाय. पेशंटच्या मुलाचं पटलं म्हणून शिक्का करायला टाकला, ८० रुपये, ग्रँटशिवाय 😀 वार अजून ठरले नाहीत म्हणून त्यात जागा मोकळी ठेवलीय, पेनने लिहीन.

आणि बार्शी_लाईट ताई, काल तोंडाच्या कॅन्सरचे ७ पेशंट होते. १९ नंबर मिळाले. सहा जणांनी तीन तीन दिले, एका आजोबांकडे एकच होता, तोही जावयाचा, आणि जावयाशी बोलणं नाही म्हणाले.