पिकअपचा गिअरबॉक्स खोलू की दुसरा बसवू?

आंबेवाला_देवगड:
गाडी २०१३ ची, डिझेल, पाच गिअर. फोंडा घाट उतरताना रेस सोडली की तिसरा सुटून न्यूट्रल. मागे नारळ भरलेले आणि सगळा भार ब्रेकवर, काय होतं ते तुम्हीच समजा. सध्या उतारावर पोरगा गिअरचा दांडा दाबून धरतो. घुरघुर पण येते. गावातला मेस्त्री म्हणतो खोलून बेअरिंगं, सिंक्रो रिंगा (गिअर अलगद पडावा म्हणून असतात त्या) टाकू, २८ हजार. दुसरा मेस्त्री कुर्ल्याहून जुना गिअरबॉक्स आणून २२ हजारांत बसवून देतो. नवा घ्यायची गोष्टच नको. आंबा सुरू व्हायच्या आत गाडी तयार व्हायला हवी. काय करू?

घाटवाट:
पहिलं म्हणजे पोराला दांडा सोडायला सांगा. दाबून धरल्याने सिलेक्टर फोर्क (आत गिअर सरकवणारा काटा) घासतो, मग तोही बिलात येतो. घुरघुर कधी येते? न्यूट्रलला क्लच सोडल्यावर येत असेल आणि दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. उलटं असेल तर क्लच बेअरिंग, त्यासाठी गिअरबॉक्सचे पैसे देऊ नका.

जेटीवाला:
गिअरबॉक्सचं ऑइल काढून बघा ना आधी! ताकासारखं पांढरट आलं तर पाणी शिरलंय. आम्हा मासळीवाल्यांकडे हे नेहमीचंच. ऑइल काढायच्या प्लगवर काळी चिकट भुकटी चालते, गिअरच्या दाताचा तुकडा मिळाला तर मात्र जुना बॉक्स शोधायला लागा.

आंबेवाला_देवगड:
क्लच दाबला की थांबते. चौथ्यात तर जवळजवळ नाहीच.

घाटवाट:
मग काउंटर शाफ्टची (गिअरबॉक्समधल्या मुख्य शाफ्टला समांतर फिरतो त्याची) बेअरिंगं. तुमच्यासारख्या गाडीत चौथा थेट असतो, म्हणजे इंजिनचा जोर सरळ पुढे जातो, भार त्या शाफ्टवरून जात नाही, म्हणून आवाज दबतो. तिसऱ्याची स्लीव्ह (गिअर अडकवून धरणारी कडी) आणि दातही झिजले असणार. मी असतो तर खोललाच असता. पण मेस्त्रीला आधीच सांगा, खोलून हाऊसिंग (गिअरबॉक्सचं बाहेरचं कवच) दाखव, मग सामान आण. त्यातली बेअरिंगची बैठक ढिली झाली असेल तर २८ हजार पाण्यात. जुना घ्यायची वेळ आली तर कव्हर उघडून दात बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, वरून रंग मारलेले बॉक्स फार फिरतात. आणि बॉक्स उतरतोच आहे तर क्लच प्लेट, क्लच बेअरिंग, क्रँकचं मागचं सील (इंजिनचं ऑइल अडवणारं) टाकून घ्या. मजुरी एकदाच लागते.

आंबेवाला_देवगड:
ऑइल काढलं. भुकटी आहे, तुकडा नाही, पाणीही नाही. सोमवारी गाडी मेस्त्रीकडे लावतोय, हाऊसिंग बघायला मी स्वतः थांबणार. मेस्त्रीला ते फारसं आवडलेलं नाही. तोवर घाट बंद, नारळ मेव्हण्याच्या गाडीतून.