मदत हवी आहे: दर पाच मिनिटांनी सगळे कमिट दोन-तीन सेकंद अडकतात

मंडळी, पोस्टग्रेस डेटाबेसचे दोन सर्व्हर आहेत, एक प्रायमरी (मुख्य) आणि एक सिंक्रोनस स्टँडबाय (राखीव प्रत; तिचा होकार आल्यावरच कमिट होतो, म्हणजे बदल पक्का होतो). एरवी सगळं सुरळीत. पण साधारण दर ५ मिनिटांनी २-३ सेकंद एकही कमिट होत नाही आणि मग तुंबलेले सगळे एकदम सुटतात.

५ मिनिटं म्हटल्यावर पहिला संशय चेकपॉइंटवर (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याचं काम), कारण त्याचा डीफॉल्ट कालावधी तेवढाच. लॉग पाहिला, तर प्रायमरीवरच्या वेळा जुळतच नाहीत. अडकलेली सेशन्स 'सिंकरेप'वर थांबलेली दिसतात, म्हणजे स्टँडबायच्या होकाराची वाट बघत. सीपीयू तेव्हा चक्क रिकामा! सिंक्रोनस कमिट 'लोकल' केलं (स्टँडबायची वाट बघायची नाही) की त्रास गायब. पण तसंच ठेवायची हिंमत नाही, प्रायमरी बसला तर कमिट झालेला डेटाही जायचा.

दर सेकंदाला लॅग, म्हणजे स्टँडबायला लागणारा उशीर, नोंदवला. फ्लश लॅग (डिस्कवर पक्कं होईपर्यंतचा) उडी मारतो, राइट लॅग (स्टँडबायने नुसतं लिहून घेईपर्यंतचा) जागचा हलत नाही. म्हणजे नेटवर्क नाही, स्टँडबायची डिस्क. तिथे डेटा आणि वॉल (WAL, बदलांची नोंदवही) एकाच डिस्कवर आहेत (माझाच आळस).

आता हे रीस्टार्टपॉइंटचं (स्टँडबायवरचा चेकपॉइंट) एफसिंक, म्हणजे डिस्कवर पक्कं लिहायला लावणं, आहे की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) साचलेली डर्टी पेजेस (मेमरीत बदललेली, डिस्कवर न गेलेली पानं) एकदम लिहितंय, हे वेगळं कसं ओळखायचं? वॉल दुसऱ्या डिस्कवर हलवण्याआधी खात्री करायची आहे. कोणी यातून गेलंय का?