खोकला थांबत नाही म्हणजे जंतू अझिथ्रोमायसिनला दाद देत नाही, असं समजायचं का?

वरचा_मजला
आज खोकल्याचा सव्विसावा दिवस. सोळाव्या दिवशी पीसीआर केली, डांग्या खोकला निघाला. चाळिशी उलटल्यावर हा आजार होतो हेच मला माहीत नव्हतं. पाच दिवस अझिथ्रोमायसिन घेतलं, एकही गोळी चुकवली नाही. खोकला जिथल्या तिथे. रात्री दोनच्या सुमाराला उबळ येते, श्वास पुरत नाही, उलटी झाली की मगच सुटका.

माझं मी बघेन. खाली भावाची मुलगी आहे, पाच आठवड्यांची. रिपोर्ट आल्यापासून मी खाली पाऊल टाकलेलं नाही, पण त्याआधी तिला तासन् तास मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना, बाळालासुद्धा, हेच औषध दिलं. वहिनीने गरोदरपणात लस घेतली होती. आणि आता वाचतेय की चीनमध्ये, जपानमध्ये या जंतूवर हे औषध चालेनासं झालंय. माझा जंतू तसलाच असेल तर आम्हा सगळ्यांचा कोर्स पाण्यात गेला का? रिपोर्टवर फक्त 'पॉझिटिव्ह' आहे. त्यात भर म्हणजे परवापासून आईचं नाक गळतंय.

उबळ_गेली
मला अडीच महिने पुरला. चिनी भाषेत याचं नावच 'शंभर दिवसांचा खोकला' आहे म्हणे. धीर धरा.

काळी_प्लेट
ताई, मी डॉक्टर नाही. लॅबमध्ये बावीस वर्षं या जंतूच्या प्लेटी बघितल्या, तेवढ्यावरून लिहितो.

आधी खोकल्याचं. सोळाव्या दिवशी औषध सुरू केलंत तेव्हा जंतूचं काम उरकलं होतं. तो श्वासनलिकेच्या केसाळ अस्तराला चिकटतो आणि विष सोडतो. अस्तर सोललं गेलं की कफ वर ढकलणारं कोणी उरत नाही, म्हणून या उबळी. औषध जंतू मारतं, अस्तर परत विणून देत नाही. सुरुवातीला, नुसतं सर्दीसारखं वाटत असताना घेतलं तर आजार थोडा आटोपतो. पुढे घेतलं तर मुख्यतः दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून. त्यामुळे तुमच्या खोकल्यावरून जंतूबद्दल काहीच सांगता येत नाही. दाद देणारा असता तरी आज तुम्ही अशाच खोकत असता.

आता दाद न देणाऱ्याबद्दल. पहिला १९९४ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात, एका तान्ह्या बाळाच्या नमुन्यात सापडला. एरिथ्रोमायसिन देऊनही सुधारणा होईना, म्हणून तपासला. पुढे बरीच वर्षं असे जंतू अधूनमधून, एकेकटे दिसत राहिले. मग चीनमध्ये चित्र पालटलं. तिथे बऱ्याच ठिकाणी वाढवलेले बहुतेक जंतू असेच निघायला लागले. २०२५ मध्ये जपानमध्ये रुग्ण विक्रमी झाले, त्यातही हे सापडले. बदल केवढासा? जंतूचा सगळा आराखडा, म्हणजे डीएनए, सुमारे ४१ लाख अक्षरांचा. त्यात प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे रायबोसोमच्या, एका जनुकात २०४७ व्या जागी 'ए'च्या ऐवजी 'जी' येतं. अझिथ्रोमायसिन बरोबर तिथेच बसतं. बसायला जागा नाही, म्हणून औषध निकामी. एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिनही त्याच जागी बसतात, तेव्हा गोळी बदलून त्याच घराण्यातली दुसरी घेण्यात अर्थ नाही.

लॅबमध्ये हे बघायला आकडेमोड लागत नाही. औषधाची पट्टी प्लेटवर ठेवतात, तिच्यावर औषधाचं प्रमाण आकड्यांत चढत जातं. साधा जंतू पट्टीपासून लांब थांबतो, मधे काळी मोकळी जागा दिसते. हा दुसरा पट्टीच्या अगदी अंगाला लागून उगवतो, २५६ च्या शेवटच्या आकड्यापर्यंत. अधलंमधलं सहसा काही नाही.

पण त्यासाठी आधी तो प्लेटवर वाढवायला हवा, आणि इथेच घोडं अडतं. बोर्डे आणि गेंगू यांनी १९०६ मध्ये तो पहिल्यांदा वाढवला, बटाट्याचा अर्क, ग्लिसरीन आणि रक्त घालून. इतका नाजूक. पूर्वी तर पेशंटच्या तोंडासमोर प्लेट धरून त्यावर खोकायला सांगत. आम्ही कोळशाची काळी प्लेट वापरायचो. तीन-चार दिवस काही म्हणजे काही दिसत नाही, मग पाऱ्याच्या बारीक थेंबांसारखे चकचकीत ठिपके. साध्या कापसाच्या काडीवर नमुना घेतला तर कापसातल्या स्निग्धाम्लांनीच मरतो. पीसीआर आल्यावर हा उपद्व्याप कोण करणार? पीसीआर जंतूचा जो तुकडा शोधते, त्याच्या प्रती एका जंतूत दोनशेहून जास्त असतात, म्हणून काही तासांत सापडतो. फक्त ती २०४७ ची जागा नेहमीची पीसीआर बघतच नाही. निदान झटपट झालं, आणि औषध चालेल का हा प्रश्न आम्ही विचारायचाच सोडून दिला. मला अजून राग येतो त्याचा.

तुमचा जुना नमुना लॅबने गोठवून ठेवला असेल तर त्यात ती जागा तपासता येते का, विचारा. आणि आईंचा स्वॅब आजच घ्या, नाकातून पार मागपर्यंत. सर्दीच्या दिवसांत जंतू सगळ्यात जास्त असतात. त्यांचा कोर्स पूर्ण झाला असेल आणि तरी प्लेटवर डांग्याच उगवला, तर ते बरंच काही सांगून जाईल.

लहानांचा_डॉक्टर
वरच्यांशी सहमत. बाळाबद्दल दोन गोष्टी जोडतो. एवढ्या लहान बाळाला खोकला येईलच असं नाही. दूध पिताना थांबणं, निळं पडणं, श्वास काही क्षण बंद होणं, यातलं एक जरी दिसलं तरी रिपोर्टची वाट न बघता थेट रुग्णालयात. औषधानंतर काही दिवस जोरात, लांब उडणाऱ्या उलट्या होतायत का तेही बघा. दुसरं, मोठ्यांना अझिथ्रोमायसिन लागू पडत नसेल तर को-ट्रायमोक्साझोल आहे, १४ दिवस. पण दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ते देत नाही, कावीळ मेंदूपर्यंत जाण्याची भीती असते. म्हणून या वयात जंतू कुठला हे कळणं मोलाचं. वहिनींनी घेतलेल्या लशीचा मात्र या बदलाशी संबंध नाही. जंतू औषधाला दाद देवो न देवो, लस तेवढीच काम करते.

तुमच्यापुरतं सांगायचं तर खोकला सुरू होऊन २१ दिवस होऊन गेलेत. औषध चाललं असो वा नसो, आता तुमच्यापासून धोका जवळपास संपलाय. आईंकडे लक्ष द्या.

वरचा_मजला
आईला विचारलं. पाचपैकी दोनच गोळ्या घेतल्यात! पित्त वाढलं म्हणून बाकीच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, "तुला लागतील म्हणून". म्हणजे तिला झालाच असेल तर जंतूवर खापर फोडायची गरजच नाही.

काळी_प्लेट
दर घरात एक असा डबा असतो. तरी स्वॅब घ्याच, पण नवा कोर्स सुरू करायच्या आधी. नंतर घेतलात आणि जंतू साधा असला तर प्लेट कोरी राहील, मग काय समजायचं? स्वॅब झाला की औषधासाठी निकालाची वाट बघू नका. आणि लॅबच्या चिठ्ठीवर 'डांग्या खोकल्यासाठी कल्चर' असं स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर साध्या प्लेटवर लावतील, त्यावर हा उगवत नाही.

वरचा_मजला
घेतला, दुपारी. आईने काडी घालणाऱ्या मुलाला चांगलंच सुनावलं. दुसऱ्या डॉक्टरांशी बोलून औषध रात्रीपासून सुरू. बाळ ठीक आहे, दूध पितंय. भाऊ दर दोन तासांनी तिचा व्हिडिओ पाठवतोय, मी वर बसून श्वास मोजतेय.

काळी_प्लेट
चौथ्या दिवसापर्यंत लॅबला फोन करू नका, काही दिसणार नाही. सातव्या दिवशी करा.