आधी निळा चॅनल, मग सेपिया

आजचा फोटो एकोणिसाव्या शतकातला वाटावा म्हणून ‘सेपिया (तपकिरी छटा) मारा, वर दोन-चार ओरखडे टाका, झाला जुना फोटो’ असं सांगतात, ते काही पटलं नाही. तेवढ्याने कागद जुना दिसतो, चेहरा आजचाच राहतो. खरी गोम फोटो कृष्णधवल कसा करता यात आहे. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटा मुख्यतः निळा आणि अतिनील प्रकाशच टिपायच्या. तांबडा त्यांच्या लेखी जवळजवळ अंधारच. १८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फोगेलने रंगद्रव्य मिसळून हिरव्यापर्यंत मजल मारली, पण तांबड्यासकट सगळे रंग टिपणाऱ्या प्लेटा बाजारात यायला १९०६ उजाडलं. म्हणून त्या फोटोंत ओठ काळपट, वांग आणि डाग ठसठशीत, आणि निळे डोळे मात्र पांढुरके दिसतात.

तेव्हा नुसतं डीसॅच्युरेट करू नका, म्हणजे रंग सरसकट काढून टाकू नका. फोटो-एडिटरमधल्या चॅनल मिक्सरमध्ये (फोटोतल्या तांबड्या, हिरव्या, निळ्या थरांचं, म्हणजे चॅनलांचं प्रमाण ठरवायची सोय) मोनोक्रोमवर (कृष्णधवल) टिक करून तांबडा शून्यावर आणा, निळा ७०-८० टक्के ठेवा, उरलेला हिरवा. निळा पूर्ण १०० करण्याचा मोह टाळा, कारण सगळ्यात जास्त नॉइज (दाणेदारपणा) त्याच चॅनलमध्ये असतो. मोबाइलच्या जेपीईजीत तर गालावर चौकोनी ठोकळे उठतात. लाल लिपस्टिक असेल तर ओठ डांबर फासल्यासारखे होतात, तिथे मास्क लावून (फक्त तेवढाच भाग निवडून) थोडे उजळा. सेपिया त्यानंतर, तोही हलक्या हाताने. आणि सरसकट ब्लर तर नकोच! मोठ्या प्लेटवरून थेट काढलेल्या प्रिंटमध्ये डोळे कमालीचे धारदार असत, फक्त कानांपासून मागचं सगळं विरघळलेलं.