विषय: सांगलीच्या घरी आलेले पिल्लू आणि त्याचा क्रेट

मंडळाच्या सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार,

माझे आईवडील सांगलीत, गावभागात राहतात. बारा दिवसांपूर्वी त्यांनी ९ आठवड्यांचे कारवान जातीचे पिल्लू घरी आणले आणि मी इथून आग्रह करून त्यांना क्रेट, म्हणजे कुत्र्याला निजण्यासाठीचा दार असलेला तारेचा पिंजरा, घ्यायला लावला. दिवसा पिल्लू त्यात डोकावतही नाही आणि रात्री दार लावले की जिवाच्या आकांताने रडते. आई विचारते, "एवढ्याशा जिवाला पिंजऱ्यात कोंडायचे होते, तर आणलेच कशाला?" बाबांना ते अंधारात पायात येईल, वायरी चावेल याची काळजी वाटते. मी फोनवरून जे सांगते आहे ते योग्य आहे की नाही, अशी शंका आता मलाच येऊ लागली आहे. आपल्यापैकी जे सांगली-साताऱ्याकडे परतले आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

*

सप्रेम नमस्कार,

मी चार वर्षांपूर्वी मंडळाचा निरोप घेऊन विश्रामबागेत परतलो आणि तेव्हापासून दोन कुत्री वाढवली, म्हणून लिहितो आहे.

तुमच्या आईंचे म्हणणे बरोबर आहे. पिल्लाला कोंडले, तर तो पिंजराच होतो. परवापर्यंत आईच्या आणि भावंडांच्या उबेत झोपणारे ते पोर रात्री एकटे पडले की भीतीने रडते. त्याला हट्ट समजू नये. "रडू द्या, दोन रात्रींत गप्प होईल," हा सल्ला मीही एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांकडून घेतला होता. माझ्या पहिल्या पिल्लाने तारांवर ओरबाडून नख मोडून घेतले, आणि त्यानंतर त्याला पुन्हा त्या दाराजवळ आणायला मला तीन आठवडे लागले. त्या रात्रीचे मला अजून वाईट वाटते.

म्हणून आजपासून काही दिवस दार लावूच नका. ते हलून खडखडणार नाही असे बांधून ठेवा, आत आईंची वापरलेली सुती साडी घडी करून अंथरा आणि प्रत्येक वेळचे जेवण तिथेच द्या: आधी उंबऱ्यापाशी, मग थोडे आत, मग अगदी मागच्या कोपऱ्यात. पिल्लाला उचलून आत ठेवू नये, त्याचे त्यालाच जाऊ द्यावे. गेले की "घरात" असा एकच शब्द प्रत्येकाने म्हणावा. ते निवांत जेवू लागले की जेवताना दार नुसते लोटावे आणि जेवण संपण्याआधी उघडावे. मग क्षणभर, मिनिटभर, पाच मिनिटे असे वाढवत न्यावे. ते कुरकुरले, तर आपण घाई केली असे समजून एक पायरी मागे यावे.

रात्री क्रेट आईबाबांच्या अंथरुणाशेजारी असावा, म्हणजे कुणाला तरी हात खाली सोडता येईल. या वयाच्या पिल्लाला लघवी फार वेळ धरता येत नाही, त्यामुळे रात्रीतून एकदोनदा उठून, दिवे न लावता आणि न खेळवता, त्याला बाहेर नेऊन आणावेच लागते. दिवसाही त्याला सलग दोन तासांपेक्षा जास्त आत ठेवू नये, आणि शिक्षा म्हणून तर कधीच नाही. बाबांच्या वायरींसाठी जागेपणी त्याच्यावर नजर ठेवणे किंवा खोलीच्या दाराला आडवी फळी लावणे हाच उपाय आहे.

जागा त्याला उभे राहता, वळता आणि पाय पसरून निजता येईल एवढीच हवी. फार मोठी असली तर ते एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्यात घाण करते. कारवान उंच वाढते, म्हणून मोठा क्रेट घेऊन मधे जाळीचा पडदा घालणे स्वस्त पडते. आत जाताना गळ्यातला पट्टा काढावा, कारण तो तारेत अडकून फास बसू शकतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वरून जाड चादर टाकू नये. कुत्रे धापा टाकून अंग थंड करते आणि त्यासाठी हवा खेळती लागते.

एक गोष्ट मात्र काकुळतीने सांगतो. बक्षीस म्हणून उकडलेल्या अंड्याचे, रताळ्याचे किंवा भाकरीचे कण द्या, पण बेदाणा किंवा द्राक्ष कधीही नको. आपल्या जिल्ह्यात तासगावचा बेदाणा घरोघरी वाटीत असतो, आणि तोच कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतो.

आणि बाबांना हेही सांगा. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी गावभागात शिरले होते. घर सोडायची वेळ आली, तर जे कुत्रे आपणहून क्रेटमध्ये जाऊन शांत बसते, त्याला नावेतून नेता येते आणि परक्या घरातही त्याला ओळखीचा आसरा मिळतो. पावसाळ्याआधी एवढे झाले तरी मोठे काम होईल.

*

सप्रेम नमस्कार,

आपला मेल मी आईला फोनवर दोनदा वाचून दाखवला. तिने त्याच दुपारी दाराला सुतळी बांधली आणि बेदाण्याचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर नेला. आज नववा दिवस आहे. दार अजून लावलेले नाही, पण काल जेवणानंतर पिल्लू तिच्या साडीवरच झोपून गेले आणि ती तासभर शेजारी भाजी निवडत बसली होती. मी दार लोटण्याबद्दल विचारले, तर म्हणाली, "सांगेन मी, त्याचे त्याला ठरवू दे."