नाशिकमधलं घर, मृत्युपत्र आणि विक्री: प्रोबेटसाठी थांबायचं की नाही?

गोदाकाठ
समजा मृत्युपत्रात लिहिलंय, ‘घर विकून पैसे चारही मुलांत वाटावेत’, आणि एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा माणूसही नेमलाय. माझं मत ठाम आहे: आधी प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला), मग गिऱ्हाईक. नाशिकच्या मिळकतीला प्रोबेट सक्तीचं नाही, हे मान्य. पण मृत्युपत्र खरं कशावरून, हे घेणाऱ्याच्या बँकेचा वकील विचारणारच. प्रोबेट नसलं की कर्ज अडतं आणि गिऱ्हाईक भाव पाडून मागतं.

पंचवटीकर
पटत नाही. चौघं एका मताचे असतील तर सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टाच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या? मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) वारसांची नावं लावा, स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या, खरेदीखतावर चौघांच्या आणि एक्झिक्युटरच्याही सह्या घ्या. प्रोबेटनं मालकी ठरतच नाही, मृत्युपत्र खरं एवढंच ठरतं. घर वडिलोपार्जित निघालं तर हिस्सेदार प्रोबेटनंतरही दावा लावतो. शिवाय प्रोबेट मिळाल्यावर ६ महिन्यांत मालमत्तेची यादी आणि १ वर्षात हिशेब कोर्टात द्यायचा. आणि प्रोबेट मिळेपर्यंत घर बंद, घरपट्टी चालू.

गोदाकाठ
‘एका मताचे असतील तर’, यातच सगळी गोम आहे. साठेखत (विक्रीचा आधीचा करार) झालं, विसार (आगाऊ रक्कम) घेतला आणि मग एक भाऊ फिरला, तर एक्झिक्युटर दोन्हीकडून अडकतो. त्या वेळी मृत्युपत्र शाबीत करायला त्यावर सही करणाऱ्या दोन साक्षीदारांपैकी निदान एक तरी कोर्टात उभा करावा लागतो. हे साक्षीदार बहुतेक वेळा मृताच्याच वयाचे असतात. आज धडधाकट असलेला माणूस चार वर्षांनी साक्षीला येईलच असं नाही. मग अक्षर आणि सही ओळखणारा शोधत बसायचं. माझ्या दृष्टीनं प्रोबेटचा खरा फायदा हाच, की साक्ष वेळेत नोंदली जाते.

सिटीसर्व्हे
दोघांनीही मिळकतीचं वर्णन सोडलंत. मृत्युपत्रात नुसतं ‘गंगापूर रोडचा बंगला’ असतं, मिळकत पत्रिकेवर सिटी सर्व्हे नंबर आणि चौरस मीटर. प्रोबेटच्या अर्जातल्या परिशिष्टात पत्रिकेवरचा नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा अक्षरशः उतरवा. तिथे चूक झाली तर प्रोबेट हातात असूनही बँकेचा वकील फाईल परत करतो. आणि एक्झिक्युटरनं घर स्वतः किंवा दुसऱ्याच्या नावानं घेऊ नये. हितसंबंधी वारस ती विक्री रद्द करून घेऊ शकतो.

पंचवटीकर
साक्षीदाराचा मुद्दा मान्य. एकही वारस कुरकुरत असेल तर मीही प्रोबेटच सांगेन. चौघं राजी असतील तर मात्र नाही. पण दोन्ही वाटांवर एक काम चुकवू नका. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापतो. तो मृताच्या पॅनवर भरला गेला की निस्तरताना नाकी नऊ येतात. एक्झिक्युटर इस्टेटीतर्फे (मृताच्या मालमत्तेतर्फे) विकत असेल तर इस्टेटीचं वेगळं पॅन आणि बँक खातं साठेखताच्या आधी काढून ठेवा.