रविवारचा ट्रेक: कर्नाळा की कलावंतीण?

ओंकार (ए-६०२): रविवारसाठी कलावंतीण फायनल करूया का? ठाकूरवाडीपर्यंत गाड्या, मग प्रबळमाची आणि तिथून वर. व्ह्यू एक नंबर आहे. 👍 करा म्हणजे आकडा कळेल.

मोकल काका (सी-१०४): ओंकार, कलावंतीण सुंदरच आहे, पण अख्ख्या बिल्डिंगला घेऊन जायची ती जागा नाही. शेवटच्या टप्प्यात कातळात कोरलेल्या उंच उंच पायऱ्या आहेत, बाजूला दरी, कठडा नाही. रविवारी चढणारे आणि उतरणारे एकाच पायरीवर समोरासमोर येतात. दुसरी-तिसरीतली मुलं आपल्याबरोबर असणार. माझं मत कर्नाळा.

ओंकार: काका, कर्नाळ्याला आम्ही शाळेच्या सहलीला गेलो होतो. तिथे ट्रेक कुठे आहे?

मोकल काका: सहल खाली पिंजऱ्यांपाशी आणि झाडांखाली डबे खाऊन परत येते. किल्ला वर आहे, साडेचारशे मीटरच्या आसपास. गेटपासून दीड-दोन तासांची चढण, आधी दाट झाडी, मग सोंड, म्हणजे डोंगराची उतरती धार लागते, मग कर्णाई देवीचं देऊळ, आणि त्याच्यावर दरवाजा आणि कातळ. चांगला घाम निघतो. पण ज्याला जिथे थांबायचं तिथे तो थांबू शकतो, हे महत्त्वाचं. कलावंतीणला अर्ध्या पायऱ्यांवर कोणाला थांबवणार?

शिंदे काकू (बी-३०१): मग मी येते. गुडघ्यांमुळे वरपर्यंत नाही जमणार, पण झाडीतून चालायला आवडेल. उतरताना जास्त दुखतं, चढताना एवढं नाही.

मोकल काका: काकू, काठी नक्की घ्या. उतरताना सगळं वजन गुडघ्यावर येतं. छोटी पावलं टाका, पाय थोडा आडवा ठेवून. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं आणि वरच्या टप्प्यात बारीक घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती-खडी आहे, त्यामुळे गुळगुळीत तळव्यांचे बूट कोणीच घालू नका. चपला तर नकोच.

रश्मी (बी-५०४): आमचा रेयांश सात वर्षांचा आहे, चालेल ना? आणि वर नेमकं काय दिसतं?

मोकल काका: चालेल, फक्त दरवाज्याच्या वर त्याचा हात सोडायचा नाही. वर गेलं की पुढ्यात सुळकाच येतो. सव्वाशे फुटांच्या आसपास उंचीचा बेसॉल्टचा खांब, हायवेवरून अंगठ्यासारखा दिसतो तोच. त्याच्या पायथ्याला खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. एकीकडे प्रबळगड, कलावंतीण, माथेरान, दुसरीकडे माणिकगड. हवा स्वच्छ असली तर पश्चिमेला खाडीसुद्धा दिसते. ओंकार, तुझी कलावंतीण तिथून पूर्ण दिसते, पायऱ्यांच्या बाजूने नाही, पण आकार छान कळतो.

ओंकार: ओके, पटतंय. 😄 मग सुळक्यावर चढायचं ना? माझ्या मित्राकडे रोप आहे.

मोकल काका: नाही. हे स्पष्ट लिहितो आणि सगळ्यांनी वाचावं अशी विनंती आहे. त्या सुळक्याला आग्या मोहोळ लागतात, मोठी, कपारींना लटकलेली. या मधमाश्या पोळ्याच्या जवळची हालचाल, धूर, उग्र वास सहन करत नाहीत. एक डसली की तिथे सुटलेल्या वासाने बाकीच्या त्याच जागी येतात, आणि मग ते थांबत नाही. म्हणून सुळक्याला हात लावायचा नाही, पायथ्याशी बसून बघायचा आणि गप्प बसायचं. परफ्यूम, डिओ, अगरबत्ती, सिगारेट, काहीही नको. स्पीकर नको. दगड मारणं तर कोणाच्याही मनात यायला नको, पण मुलांना आधी सांगून ठेवा.

जाधव (ए-२०३): मी स्पीकर आणणार होतो, आणि चहासाठी छोटा स्टोव्ह. दोन्ही कॅन्सल. थर्मासमध्ये चहा आणतो.

मोकल काका: धन्यवाद जाधव. हे अभयारण्य १९६८ पासून आहे, पक्ष्यांसाठीच केलेलं, दीडशेहून जास्त जाती इथे दिसतात. आवाज केला की आपल्यालाच काही दिसत नाही. सकाळी लवकर शांत चाललात तर तांबट, कोतवाल, हरियल दिसतील. हरियल आपला राज्यपक्षी, पण एवढा हिरवा की पानांत बसला तर सापडत नाही. नशीब असेल तर स्वर्गीय नर्तकही दिसतो, नराची पांढरी शेपटी झाडाझाडांतून फिरते. दुर्बीण असेल त्यांनी आणावी, मुलांना आळीपाळीने द्यावी.

रश्मी: मधमाश्या आल्याच तर काय करायचं? भीती वाटायला लागली.

मोकल काका: भीती नको, तयारी हवी. हात झटकायचे नाहीत, मारायच्या नाहीत. ओढणी किंवा जॅकेटने तोंड-मान झाकून आलेल्या वाटेने तडक निघायचं, पण उडी मारून किंवा पळत नाही, कारण तिथे दोन्ही बाजूंना उतार आहे. झाडी आली की बरं. नांगी राहिली असेल तर लगेच काढायची, किती वेळ गेला हे महत्त्वाचं. खूप डंख, श्वासाला त्रास किंवा ओठ-जीभ सुजली तर थेट दवाखाना. कोणाला आधीपासून ॲलर्जी असेल तर मला वैयक्तिक मेसेज करा, डॉक्टरांना विचारून औषध बरोबर ठेवा, आणि ॲलर्जी असणाऱ्यांनी सुळक्यापर्यंत न येता देवळापाशी थांबावं असं मला वाटतं.

शिंदे काकू: मी देवळापाशी थांबणाऱ्यांत. सोबतीला कोणी आहे का?

जाधव: आई येणार आहे, काकू. तुमची जोडी.

नेहा (डी-४०२): पाणी वर मिळतं का? टाक्यांचं पिता येतं का?

मोकल काका: नाही, टाक्यांचं पिऊ नका. प्रत्येकी दोन लिटर घरून, स्टीलच्या बाटलीत आणलंत तर बरं. गेटवर प्लास्टिकच्या बाटल्या आणि पिशव्या मोजून अनामत रक्कम घेतात, परत दाखवल्यावर ती मिळते. दशम्या, चटणी, फळं, चिक्की, एवढं पुरे. वेफर्सची पाकिटं शक्यतो नको, माकडं हिसकावून घेतात आणि पाकीट जंगलातच राहतं. केळ्याची सालंसुद्धा परत आणायची.

ओंकार: जायचं कसं? गाड्या की एसटी?

मोकल काका: पनवेलहून पेण, अलिबागकडे जाणारी एसटी गेटपाशी थांबते, १२ किलोमीटर आहे. आपण गाड्यांनी जाऊ, पण पनवेल सोडल्यावर शिरढोण लागतं तिथे दहा मिनिटं थांबूया. वासुदेव बळवंत फडके तिथले, जन्म १८४५ चा. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते, १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला तेव्हाचे. लहानपणापासून ज्याच्या डोळ्यांसमोर आजोबांचा गेलेला किल्ला उभा होता, त्या मुलाने पुढे इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललं. शिरढोणमधून निघून वर पोचलात की किल्ला वेगळा वाटतो, म्हणून आधी तिथे. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले द्यावे लागले त्यातही कर्नाळा होता, महाराजांनी १६७० मध्ये परत मिळवला. बाकी वर सांगेन.

नेहा: नक्की येतो आम्ही तिघं.

रश्मी: आम्ही तिघं. मला एकच सीट दिली तरी चालेल, रेयांश मांडीवर.

मोकल काका: मांडीवर नको, त्याला स्वतंत्र सीट आणि बेल्ट. जाधवांकडे मागची मोकळी आहे.

ओंकार: काका, कलावंतीण जानेवारीत फक्त आम्ही मोठी मुलं करू, चालेल?

मोकल काका: शनिवार पकडा, रविवार नको. आणि पायऱ्या संपल्यावर सेल्फीसाठी कडेला जायचं नाही, मला शब्द द्या, मग मी पण येतो.

ओंकार: शब्द. 🙏

मोकल काका: रविवारी पहाटे साडेपाचला मेन गेटवर. सहाच्या आत निघालो नाही तर ऊन वरच्या टप्प्यात गाठतं. वॉचमनना रात्रीच सांगून ठेवतो.